स्वामित्व आणि त्याचा भार : जपानच्या किनाऱ्यावरील जुन्या विश्राम-सदनिकांचा इतिहास

१. विषयप्रवेश

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दानपत्रे, सनदा, महजर, दफ्तरखान्यातील रुमाल आणि परदेशी प्रवाशांची वृत्ते उभी राहतात. घरविक्रीच्या जाहिरातीला या मालिकेत स्थान देण्याची आपल्याला सवय नाही. तथापि अर्वाचीन समाजाच्या स्थित्यंतरांचा अभ्यास करणाऱ्यास असे क्षुल्लक वाटणारे कागदही पुष्कळ काही सांगून जातात. प्रस्तुत निबंधात जपानमधील अशाच एका कागदाचा विचार करावयाचा आहे. समुद्रकिनाऱ्यावरील विश्रामस्थानात बांधलेल्या, एकदा वापरून झालेल्या सदनिकेच्या विक्रीची जाहिरात, हा तो कागद होय.

अशा जाहिरातीचा साचा ठरलेला असतो. प्रथम गावाचे नाव व जवळचे रेल्वेस्थानक. स्थानकापासून चालत किती मिनिटे, हा हिशेब मिनिटास ८० मीटर या ठरावीक प्रमाणाने दिलेला असतो. पुढे क्षेत्रफळ, मजला, इमारत बांधून झाल्याचे वर्ष व महिना, खिडकीतून समुद्र दिसतो की नाही, इमारतीत उष्णोदकाचे सामायिक स्नानगृह आहे की नाही, हे येते. मग किंमत. ती वाचून परक्या वाचकास प्रथम मुद्रणदोषाचीच शंका येते. इझू द्वीपकल्पाच्या किंवा बोसो द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरील काही इमारतींत ही किंमत दहा लाख येनच्या खाली असते. समुद्रापासून दूर, निइगाता प्रांतातील युझावा या हिमक्रीडेच्या गावी तर ती एक लाख येनपर्यंतही उतरलेली आढळते. शेवटी दोन-तीन ओळी लहान अक्षरांत येतात : दरमहा व्यवस्थापन-आकार अमुक, दुरुस्ती-निधीची वर्गणी तमुक, उष्णोदकाचा आकार वेगळा. या सर्वांची बेरीज महिन्याला वीस-तीस हजार येनच्या घरात सहज जाते. म्हणजे एक लाखाच्या सदनिकेची किंमत तिच्या तीन ते पाच महिन्यांच्या खर्चाइतकीच ठरते.

हे कसे घडले, या प्रश्नाला एक उत्तर तयारच असते. १९८० नंतरच्या दशकात जपानमध्ये जमिनीच्या किमती बेसुमार फुगल्या, १९९० नंतर तो बुडबुडा फुटला आणि विश्राम-सदनिका कवडीमोल झाल्या. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. बुडबुडा फुटल्याने किंमत का पडली हे त्याने कळते. पण किंमत शून्याजवळ आल्यावरही मालकाला त्या वस्तूपासून सुटका का मिळत नाही, हे कळत नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाजारात न शोधता स्वामित्वाच्या एका विशिष्ट प्रकारात शोधले पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. हा प्रकार १९६२ साली कायद्याने सिद्ध झाला.

२. किनाऱ्याचे विश्रामस्थानात रूपांतर

समुद्र ही करमणुकीची जागा आहे, ही कल्पना जपानमध्ये फार जुनी नाही. उष्णोदकाच्या झऱ्यांवर जाऊन राहण्याची चाल मात्र प्राचीन आहे. तोकुगावा इएयासु १६०४ साली अतामी येथे स्नानासाठी गेल्याची नोंद आहे आणि पुढील शोगुनांच्या काळात तेथील पाणी पिंपांत भरून एदो येथे नेले जात असे. अतामी समुद्राला लागूनच आहे. परंतु तेथे जाणाऱ्याचे लक्ष समुद्राकडे नसून झऱ्याकडे असे. किनारा हा कोळ्यांचा होता.

मेइजी काळात ही दृष्टी पालटली. लष्करी वैद्यक खात्याचे प्रमुख राहिलेले मात्सुमोतो जुन यांनी सागरस्नान आरोग्यास हितकारक असल्याचा प्रचार केला आणि त्यांच्याच पुढाकाराने १८८५ साली ओइसो येथे सागरस्नानाची जागा सुरू झाली. दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, तोकाइदो रेल्वे ओइसोपर्यंत आली. तोक्योत राहणारे जर्मन वैद्य एर्विन बेल्त्स यांनीही उष्णोदक व समुद्राची हवा यांची महती गायिली. वैद्यक आणि आगगाडी यांच्या या संयोगातून श्रीमंतांचे किनारी बंगले निर्माण झाले. १८९४ साली हायामा येथे राजघराण्याचा प्रासाद झाला आणि १८९६ साली इतो हिरोबुमी यांनी ओइसो येथे आपले ‘सोरोकाकु’ हे निवासस्थान बांधले.

या बंगल्यांचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे. बंगला, त्याखालची जमीन आणि त्याची देखभाल ही तिन्ही एकाच कुटुंबाच्या हाती होती. कुटुंबाची परिस्थिती खालावली तर बंगला विकता येई, पाडता येई, अगदीच काही नाही तर त्याला कुलूप लावून तो ऊनपावसाच्या स्वाधीन करता येई. मालकाच्या निष्काळजीपणाचा त्रास शेजाऱ्याच्या छपराला होत नसे.

अतामीची कथा थोडी निराळी आहे. जुनी तोकाइदो रेल्वे गोतेम्बामार्गे जात असल्यामुळे हे गाव मुख्य मार्गापासून बाजूला पडले होते. १८९५–९६ मध्ये ओदावारा ते अतामी या सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरावर रेल्वे सुरू झाली; पण तिचे लहान डबे मजूर हातांनी ढकलीत नेत असत! पुढे तेथे वाफेचे छोटे इंजिन आले आणि १९२३ च्या महाभूकंपात तो मार्ग उद्ध्वस्त झाला. त्याच भूकंपाबरोबर आलेल्या त्सुनामीचा तडाखाही अतामीस बसला. मोठी रेल्वे १९२५ मध्ये गावात पोचली आणि १ डिसेंबर १९३४ रोजी ७,८०४ मीटर लांबीचा तान्ना बोगदा खुला होऊन अतामी मुख्य मार्गावर आले. सोळा वर्षे चाललेल्या त्या कामात ६७ जणांचे प्राण गेले होते. १९५० च्या आगीत गावाचा मध्यभाग जळाला, तरी पुढील काही वर्षांतच नवविवाहितांचे आणि कंपन्यांच्या सामुदायिक सहलींचे गाव म्हणून त्याची ख्याती झाली. १९६४ च्या ऑक्टोबरात शिन्कान्सेन सुरू झाली व अतामी तोक्योपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर आले. किनाऱ्यावर ‘दुसरे घर’ असावे ही इच्छा आता सरदार-मंत्र्यांपुरती राहिली नाही. प्रश्न एवढाच होता, की डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत इतक्या लोकांना जमीन कोठून द्यावयाची?

३. १९६२ चा कायदा

या प्रश्नाचे उत्तर काँक्रीटने आणि कायद्याने मिळून दिले. १८९६ च्या जपानी दिवाणी संहितेत एकाच इमारतीचे भाग निरनिराळ्या मालकांचे असू शकतात, याविषयी केवळ एक कलम होते. बहुमजली इमारतींच्या युगाला ते पुरे पडणे शक्य नव्हते. म्हणून १९६२ साली इमारतींच्या विभाजित स्वामित्वाचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. या कायद्यामुळे एका काँक्रीटच्या इमारतीतील प्रत्येक सदनिका ही स्वतंत्र मालमत्ता ठरली. ती विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली, वारसांना देता येऊ लागली. जिने, उद्वाहने, छप्पर, बाहेरच्या भिंती आणि नळ हे सामायिक भाग ठरले.

अशा सदनिकांच्या इमारतीस जपानीत ‘मान्शोन’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रशस्त वाडा असा आहे. जपानी विक्रेत्यांनी तो चाळीस-पन्नास चौरस मीटरच्या गाळ्यास लावला. शब्दार्थाचा हा प्रवास केवळ विनोदाचा विषय नाही. बंगल्याची प्रतिष्ठा मध्यमवर्गाला हप्त्याने विकण्याचा तो व्यवहार होता, आणि किनाऱ्यावरच्या मान्शोनला ‘रिसॉर्ट’ हे विशेषण लागल्यावर ती प्रतिष्ठा आणखी वाढली. १९७१ साली कामाकुराजवळ झुशी मरीना हे संकुल सुरू झाले. कावाबाता यासुनारी यांनी तेथील एक सदनिका लेखनासाठी घेतली होती आणि १६ एप्रिल १९७२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. नोबेल पारितोषिक मिळालेल्या साहित्यिकाची खोली अशा इमारतीत असावी, ही गोष्ट त्या काळी तिला समाजात केवढा मान होता हे दर्शविते.

परंतु कायद्याने जे दिले त्याची दुसरी बाजू हळूहळू प्रकट झाली. १९८३ च्या दुरुस्तीने तीन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, सदनिका घेणारा प्रत्येक जण आपोआप मालक-संघाचा सभासद होतो व सदनिका आहे तोवर त्याला संघाबाहेर पडता येत नाही. दुसरी, सदनिका आणि तिच्याखालील जमिनीवरचा हक्क ही सामान्यतः एकमेकांपासून तोडून विकता येत नाहीत. तिसरी, इमारत पाडून नवी बांधावयाची झाल्यास मालकांची व मतांची चार-पंचमांश संमती लागते. याशिवाय कायद्याचे आठवे कलम असे सांगते, की आधीच्या मालकाने थकविलेले आकार नव्या मालकाकडूनही वसूल करता येतात. देणे हे माणसाच्या मागे न राहता सदनिकेलाही चिकटून राहते.

या तरतुदी अन्यायाच्या नव्हेत. शंभर कुटुंबे एका छपराखाली राहावयाची तर कोणालाही मन मानेल तेव्हा अंग काढून घेता येऊ नये, हे रास्तच आहे. ज्या इमारतीत मालक स्वतः नांदतात तेथे हे बंधन संरक्षक ठरते. किनाऱ्यावरील मान्शोनची अडचण अशी, की तेथे मालक नांदत नव्हते. वर्षाकाठी दहा-वीस दिवस येणाऱ्या लोकांना कायद्याने कायमच्या शेजाऱ्याचे कर्तव्य दिले.

गावांना याची जाणीव सदनिकाधारकांच्याही आधी झाली, असे दिसते. अतामी नगरपालिकेने १९७६ पासून दुय्यम निवासस्थानांवर एक विशेष कर बसविला. गर्दीच्या दिवसांत पाणी, कचरा, सांडपाणी व अग्निशमन यांची व्यवस्था सर्वांसाठी करावी लागते. परंतु बाहेरचे मालक तेथील रहिवासी नसल्यामुळे रहिवाशांवरचा कर भरीत नाहीत, हे त्यामागचे कारण. दर चौरस मीटरला वर्षाला ६५० येन ठरला. पन्नास चौरस मीटरच्या सदनिकेस तो ३२,५०० येन होतो. संपूर्ण जपानात असा कर घेणारे हे एकच गाव होय.

४. बुडबुड्याची वर्षे

१९८५ च्या सप्टेंबरात प्लाझा करार झाला आणि येनचे मूल्य झपाट्याने वाढले. निर्यातीस बसलेला धक्का सौम्य करण्यासाठी मध्यवर्ती बँकेने आपला दर उतरवीत फेब्रुवारी १९८७ मध्ये २.५ टक्क्यांवर आणला व मे १९८९ पर्यंत तो तेथेच ठेवला. स्वस्त पैसा जमिनीकडे वळला. जमिनीच्या तारणावर बँका आणखी कर्ज देऊ लागल्या. १९८७ सालीच सर्वांगीण विश्रामक्षेत्र विकासाचा कायदा झाला. तो लोकांत ‘रिसॉर्ट कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. खाजगी भांडवलाने विश्रामस्थाने उभारावीत, सरकारने करांत सवलत, कमी व्याजाची कर्जे आणि जमिनीच्या वापराबाबत ढिलाई द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. शेती व मासेमारी यांना ओहोटी लागलेल्या प्रांतांना ही पर्वणी वाटली. पुढील काही वर्षांत चाळीसहून अधिक योजना मंजूर झाल्या.

१९८८ मध्ये प्रथम मान्यता मिळालेल्या योजनांत मियाझाकीची योजना होती. तेथे समुद्राच्या अगदी शेजारी, उघडझाप करणाऱ्या छताखाली कृत्रिम समुद्र आणि कृत्रिम वाळवंट असलेली ‘ओशन डोम’ ही वास्तू १९९३ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत बुडबुडा फुटून तीन वर्षे झाली होती. चालविणाऱ्या कंपनीने २००१ मध्ये दिवाळे जाहीर केले व २००७ मध्ये तो कृत्रिम समुद्र बंद पडला. खऱ्या समुद्राच्या काठी खोटा समुद्र बांधण्याइतका पैसा स्वस्त झाला होता, एवढे या उदाहरणावरून समजावे.

विश्राम-सदनिकांचे ग्राहक कोण होते? काही खरोखर सुट्टीसाठी घेणारे होते. काही कंपन्या नोकरांच्या सोयीसाठी घेत. परंतु पुष्कळ जण पुढे चढ्या भावाने विकता येईल या आशेने घेत होते. २९ डिसेंबर १९८९ रोजी निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोचला. १९९० च्या वसंतात अर्थमंत्रालयाने जमिनीच्या व्यवहारांसाठी होणाऱ्या कर्जपुरवठ्यावर मर्यादा घातली. भाव पडू लागले. शहरातील घराची किंमत पडली तरी त्यात कोणी ना कोणी राहावयास तयार असते. विकण्यासाठीच घेतलेल्या सदनिकेला गिऱ्हाईक संपले म्हणजे तिचे प्रयोजनच संपते. मालक-संघाचे मासिक बिल तेवढे येत राहते.

५. लहान अक्षरांतील ओळी

आता जाहिरातीकडे पुन्हा वळू. तिच्यातील प्रत्येक ओळ वरील इतिहासाचा एकेक थर दाखविते.

बांधकामाचा महिना का छापलेला असतो? १ जून १९८१ पासून भूकंपरोधक बांधकामाचे नवे नियम अमलात आले. त्यापूर्वी परवानगी मिळालेल्या इमारती जुन्या नियमांच्या, नंतरच्या नव्या नियमांच्या. शिन्कान्सेनच्या लाटेत बांधलेल्या इमारती बहुधा पहिल्या वर्गात व बुडबुड्याच्या काळातील दुसऱ्या वर्गात पडतात.

दुरुस्ती-निधीची ओळ याहून बोलकी आहे. नवी इमारत विकताना ही मासिक वर्गणी कमी दाखविणे विक्रेत्याच्या सोयीचे असते. परंतु खारे वारे लोखंडी कठडे, उद्वाहने आणि काँक्रीटमधील सळया यांना शहरापेक्षा लवकर खातात. उष्णोदकातील क्षारांनी नळ गंजतात व तुंबतात. तीस-चाळीस वर्षांनी मोठ्या दुरुस्तीची वेळ येते तेव्हा निधी पुरत नाही. मग वर्गणी वाढवावी लागते, ती वाढली म्हणजे विक्रीची किंमत आणखी उतरते, आणि ज्यांना शक्य नाही ते वर्गणी थकवितात. थकबाकी असलेली सदनिका घेणाऱ्याच्या माथी आठव्या कलमाने तीच थकबाकी बसते. सबब गिऱ्हाईक आणखी मागे हटते. किंमत शून्याजवळ का येते, याचे हे खरे यंत्र होय. तेथे समुद्राच्या दर्शनाचे मोल नाहीसे झालेले नसते. त्या मोलातून पुढील कित्येक वर्षांच्या देण्याची वजाबाकी झालेली असते.

मालकाने सदनिका टाकून का देऊ नये? येथे कायद्याची गाठ घट्ट बसते. सदनिकेचे स्वामित्व एकतर्फी सोडून देण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. मालक वारल्यावर वारसाला तीन महिन्यांच्या आत वारसा नाकारता येतो. परंतु नाकारावयाचा तर सगळाच नाकारावा लागतो. किनाऱ्यावरची सदनिका नको म्हणून वडिलांचे राहते घर व ठेवीही सोडाव्या लागतात. नको असलेली वारसाहक्काची जमीन सरकारकडे सोपविण्याची सोय एप्रिल २०२३ पासून झाली. पण इमारत उभी असलेली जमीन तीत बसत नाही. एप्रिल २०२४ पासून तर वारसाने तीन वर्षांच्या आत आपले नाव नोंदविणे सक्तीचे झाले आहे. ज्या पिढीने हौसेने सदनिका घेतली ती अस्ताला जात असून, जिने कधी तो समुद्र पाहण्याची इच्छाही केली नसेल त्या पिढीकडे हे स्वामित्व चालत येत आहे.

इमारत मोडून टाकावी म्हटले तर चार-पंचमांश संमती कोठून आणावयाची? मालक विखुरलेले, काही वारलेले, काही कंपन्या बुडालेल्या, काहींचे पत्तेच लागत नाहीत. ही कोंडी ओळखून २०२५ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती करण्यात आली व तिचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविण्यात आला. बेपत्ता मालकांना न्यायालयाच्या संमतीने मतमोजणीतून वगळावे, भूकंपास असुरक्षित इमारतींसारख्या प्रसंगी पुनर्बांधणीस तीन-चतुर्थांश संमती पुरावी, जमिनीसह सर्व इमारत विकण्याचा निर्णयही बहुमताच्या ठरावीक प्रमाणाने घेता यावा, अशा तिच्या तरतुदी आहेत. १९६२ साली स्वामित्व निर्माण करणाऱ्या कायद्याला त्रेसष्ट वर्षांनी ते संपविण्याची रीत शिकावी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

६. एक आक्षेप

यावर असा आक्षेप येईल, की सर्वच विश्राम-सदनिका मातीमोल झालेल्या नाहीत. झुशीच्या सदनिका किंवा अतामी स्थानकाजवळच्या चांगल्या इमारती आजही मोलाने विकल्या जातात. शिवाय २०१० नंतरच्या दशकात अतामीला पुन्हा पर्यटकांची रीघ लागली. हा आक्षेप खरा आहे, आणि तोच वरील प्रतिपादनास बळकटी देतो. बुडबुडा सर्वांचा एकच होता. परिणाम सारखा झाला नाही. तोक्योचे सान्निध्य हे या फरकाचे एक कारण आहे. दुसरे कारण इमारतीच्या आत आहे. जेथे निवृत्त लोक कायमचे राहावयास आले, मालक-संघाच्या सभा भरत राहिल्या, वर्गणी वेळीच वाढविली गेली, तेथे इमारतीचा जीव टिकला. ‘मान्शोन घेताना तिचे व्यवस्थापन विकत घ्यावे’ असे जपानमध्ये म्हणतात, ते उगाच नव्हे. सदनिका ही दिसावयास भिंतींनी बंदिस्त अशी वस्तू असली, तरी वस्तुतः ती एका समुदायातील वाटा असते. समुदाय विरला की वाट्याला देणे तेवढे उरते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, विश्राम-सदनिकांच्या अवनतीचा इतिहास १९९० पासून न मांडता १९६२ पासून मांडला पाहिजे. बुडबुड्याने केवळ उघडे पाडले ते त्याआधीच घडविले गेले होते : ये-जा करणाऱ्या मालकांवर कायम रहिवाशांचे दायित्व. मेइजी काळातील बंगल्याची मालकी संपविता येत असे. मान्शोनची मालकी कोणी तरी घेईपर्यंत चालूच राहते.

दुसरा निष्कर्ष साधनांविषयी आहे. या विषयाची उत्तम साधने सरकारी अहवालांत मिळणार नाहीत. मालक-संघांच्या सभांची इतिवृत्ते लिहून ठेवणे कायद्याने आवश्यक असते. गळणारे छप्पर, बंद केलेले स्नानगृह, वर्गणीवरून झालेला वाद, परत आलेली टपाल-पत्रे यांचा वर्षानुवर्षांचा वृत्तान्त त्यांत आहे. नव्या कायद्यान्वये इमारती विकल्या व पाडल्या जाऊ लागतील, तसतसे हे संघ विसर्जित होतील आणि त्यांची दप्तरे सांभाळणारे कोणी उरणार नाही. एका समाजाने विश्रांतीसाठी बांधलेली घरे पुढच्या पिढीस कशी जड झाली, हे सांगू शकणारे कागद तेच आहेत. जपानी स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ते वेळीच गोळा करावेत. आणि नागरी मालमत्तेच्या इतिहासाकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही स्वामित्वाचा अभ्यास करताना ते कसे मिळते याबरोबरच ते कसे सोडता येते, हा प्रश्न आपल्या टिपणवहीत लिहून ठेवावा.